तपासनिसांची खिंड

देवाने सगळ्यांना दात मोजून दिले. तपासनिसांना मात्र दातांबरोबर एक फट फुकट दिली. वरच्या ओळीत, समोरच्या दोन दातांच्या मधोमध. आगपेटीची काडी आरामात आरपार जावी एवढी. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, "हसा," आणि नवरदेव मनापासून हसला. नवरीने मान वळवून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगबाई, ही तर खिंडच आहे की!" फोटो निघाला तो त्याच क्षणी. आजही तो बैठकीच्या भिंतीवर आहे. नवरा कॅमेऱ्याकडे बघून हसतोय आणि नवरी आ वासून त्याच्या तोंडात बघतेय.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. जन्मभर गाडीत तिकिटं तपासली, निवृत्त झाले, टोपी आणि तिकिटं टोचायचा चिमटा साहेबांकडे परत केला, पण हाक तेवढी घरी घेऊन आले. दूधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तपासनीसच म्हणत. आणि माणूस त्या नावाला जागणारा. विनातिकीट प्रवासी त्यांना डब्याच्या दारातूनच ओळखू यायचा. जो खिडकीबाहेर फारच कौतुकाने बघतो तो एक. जो डोळे घट्ट मिटून झोपतो तो दुसरा, कारण खऱ्या झोपेत डोळे असे आवळलेले नसतात. "आणि सगळ्यात पक्का कोण?" ते सुनेला सांगायचे. "जो कुणी विचारायच्या आत सांगतो, माझ्याकडे तिकीट आहे म्हणून. त्याच्याकडे कधीही नसतं."

असा हा माणूस स्वतः पकडला जायची वेळ आली, ती एका बिस्किटापायी.

झालं होतं असं की तपासनिसांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोड बंद. पण बायकोला नवऱ्याचा स्वभाव ठाऊक. तिने प्रकरण डॉक्टरांवर न सोडता थेट वरच्या कोर्टात नेलं. संध्याकाळची प्रार्थना झाली, भजन झालं, आणि तिने नवऱ्याला देवासमोर उभं केलं.

"म्हणा, यापुढे गोड खाणार नाही."

"यापुढे गोड खाणार नाही."

"बिस्कीट खाणार नाही, असं नाव घेऊन म्हणा. नाहीतर देवाला वाटायचं तुम्ही केकबद्दल बोलताय."

तपासनिसांनी बिस्किटाचं नाव घेतलं. घेताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, पण ते देवाने पाहिलं असलं तरी मनावर घेतलं नाही. देवाला सगळं दिसतं. तो चुगली मात्र करत नाही. पुढे चुगली केली ती चांदीने.

त्यांची सून दागिने घडवायची. घराच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी जुन्या गाद्या आणि मोडका पंखा असायचा, तिथे तिने कारखाना मांडला होता. एक जाड लाकडी टेबल, त्यावर कानशी, चिमटे, मेणाच्या कांड्या, भिंगाचा दिवा. कोपऱ्यात छोटी भट्टी. मुलगा परगावी नोकरीला, तो सुट्टीला उगवायचा. त्यामुळे दिवसभर त्या खोलीत सून आणि तिची ठोकठोक. आणि खिडकीच्या फळीवर, तिच्या चहासाठी, एक निळा पत्र्याचा डबा.

दुपारी बायको जरा आडवी झाली की तपासनीस उठायचे.

"कुठे निघालात?"

"सुनेचं काम बघतो जरा. सुंदर करते पोरगी."

बायको शेजारणीला सांगायची, "यांना म्हातारपणी कलेची ओढ लागली बघा." शेजारीण म्हणायची, "बरंच झालं, आमच्याकडे नुसती झोपेची आहे."

ओढ खरी होती, फक्त कलेच्या फूटभर डावीकडे होती. सून मान खाली घालून कामात असायची, तपासनीस तिच्या पाठीमागे हात बांधून उभे राहायचे, "वा, वा," म्हणायचे, आणि दुसऱ्या "वा"बरोबर डब्याचं झाकण उघडायचं. रोज एक. बिस्किटं पूर्वीसारखी राहिली नव्हती, खरखरीत असायची आणि गोडीला अगदीच बेताची. हल्ली कंपन्या साखरेतसुद्धा हात मारतात, असं त्यांचं मत झालं होतं. पण एक आश्चर्य होतं. डबा कधी रिकामा व्हायचा नाही. तपासनीस मनातल्या मनात हात जोडायचे. देवाची कृपा, दुसरं काय! ज्याच्यासमोर शपथ घेतली त्यानेच डबा भरावा, म्हणजे त्याचाही शपथेला फारसा आग्रह नसावा, असा त्यांनी सोयीचा अर्थ काढला होता.

त्या सुमारास सुनेचं घोडं अडलं होतं. शहरातल्या कलादालनात प्रदर्शन भरणार होतं. नाव होतं 'माझा दागिना'. प्रत्येक कलावंताने एकच दागिना ठेवायचा, आणि उद्घाटनाला लोकांसमोर उभं राहून सांगायचं की हा सुचला कसा आणि आपल्याला तो कोण लागतो. आणि सुनेला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. तिची पद्धत अशी की झाडाखालून फिरायचं आणि वाळलेल्या शेंगा, बिया, सालीचे तुकडे गोळा करायचे. ते एका ट्रेमध्ये ठेवायचे. त्यातलं एखादं मनात भरलं की ते चांदीत उतरवायचं. या वेळी ट्रे भरला होता, मन भरत नव्हतं.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा फोनवर म्हणाला, "सुचेल गं." सासूबाई म्हणाल्या, "डोक्यावरून अंघोळ कर. मला तर सगळं मोरीतच सुचतं."

"आई, तुमचा आवडता दागिना कुठला?" सुनेने विचारलं.

"मला कुठे आवड? गळ्यात काही घातलं की जीव घुसमटतो. सगळे कपाटात आहेत. दागिना म्हणजे नसती राखण."

मग तिने सासऱ्यांना विचारलं. "बाबा, दागिना म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?"

तपासनिसांच्या तोंडात त्या वेळी अर्धं बिस्कीट होतं. ते न चावता म्हणाले, "बिल्ला." छातीवरचा पितळी बिल्ला, असं त्यांना म्हणायचं होतं, पण पुढचं बोलायला तोंड रिकामं नव्हतं. सुनेला वाटलं सासऱ्यांचा गळा दाटून आला. ती हळूच म्हणाली, "राहू द्या बाबा." आणि पुन्हा ट्रेकडे टक लावून बसली.

आता मुख्य गोष्ट. एका दुपारी सून दारात कुरिअरवाल्याशी बोलत होती आणि तपासनीस खोलीत एकटे. त्यांनी डबा उघडला, बिस्कीट काढलं आणि पहिला घास घेतला. कट्! तेवढ्यात बोळातून चपलांचा आवाज आला. फटक, फटक, फटक. तो आवाज घरात एकाच पायांचा होता. तपासनिसांनी इकडेतिकडे पाहिलं. खिशात टाकावं तर खिसा नव्हता, बनियनवरच आले होते. गिळावं तर बिस्कीट मोठं. समोर ट्रे होता. शेंगा, साली, बिया. त्यांनी उरलेलं बिस्कीट दोन सालींच्या मधे सरकवलं आणि खिडकीबाहेर फारच कौतुकाने बघू लागले.

"काय बघताय?" बायको दारात.

"ऊं."

"तोंडात काय आहे?"

तपासनिसांनी मान हलवली. घास खाली उतरला तो वाटेत दोनदा थांबून उतरला. "काही नाही," ते म्हणाले.

"देव बघतोय हां," बायको म्हणाली. "चला, शर्ट घाला. बाजारात जायचंय. पिशव्या कोण उचलणार?"

ते परत आले तेव्हा दोन्ही हातांना पिशव्यांचे वळ होते आणि मागच्या खोलीतून सुनेच्या गाण्याचा आवाज येत होता. कित्येक दिवसांत ती गायली नव्हती. तपासनीस पिशव्या टाकून धावले. ट्रे जागेवर होता. शेंगा होत्या, बिया होत्या. त्या दोन सालींच्या मधली जागा रिकामी होती.

"सापडलं बाबा!" सून म्हणाली. तिच्या नाकाला प्लास्टर लागलं होतं. "एवढे दिवस माझ्या ट्रेमध्येच होतं आणि मला दिसलं नाही. कसली तरी साल आहे, पण आकार काय सुरेख! अर्धचंद्र, आणि त्याच्या पोटात एक इवलासा सुळका."

"कुठे आहे ती... साल?"

"भट्टीत."

तपासनिसांनी भट्टीकडे पाहिलं, तसं कुणी स्वतःच्या चितेकडे पाहावं. "जळून जाईल ना मग?"

"जळायलाच हवी! आधी मेणात बुडवली, मग प्लास्टरमध्ये पुरली. आता भट्टीत मेण वितळणार, साल जळून जाणार, आणि प्लास्टरच्या आत तिच्या आकाराची पोकळी राहणार. त्या पोकळीत चांदी ओतायची."

"पण अगदी तसंच थोडंच येतं? थोडंफार इकडेतिकडे..."

"छे हो. रेघ न् रेघ येते. एकदा मी वाळलेलं पान केलं होतं, तर त्यावर किडा चालून गेल्याची खूणसुद्धा आली."

पुराव्याची अशी काळजीपूर्वक जपणूक तपासनिसांनी नोकरीतही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर फुटलं, पाण्यात फसफसलं, आणि सुनेने चिमट्याने वर काढलं ते चांदीचं बिस्कीट. कडेची नक्षी, मधली टोचलेली भोकं, अंगावरची खरखर. आणि एका बाजूला घास. स्वच्छ, गोलसर, दातादाताची खूण असलेला. घासाच्या मधोमध, जिथे दोन दातांच्या फटीत बिस्कीट वाचलं होतं, तिथे एक छोटा चांदीचा सुळका उभा होता. जगात अशी चावण्याची पद्धत एकाच माणसाची होती, आणि तिची जगातली सगळ्यात मोठी जाणकार स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

कारण बायकोला हा घास पाठ होता. लग्न नवं असताना फळीवरचं सफरचंद कुणी चावलं यावरून घरात वाद झाला होता. दीर म्हणाला मी नाही, नणंद म्हणाली मी नाही. नव्या नवरीने सफरचंद हातात घेतलं, फिरवलं, आणि मुकाट्याने नवऱ्यासमोर ठेवलं. मग ते साबणाचं प्रकरण. दिवे गेलेले असताना तपासनिसांनी खोबऱ्याची वाटी समजून साबणाची वडी चावली होती. बायकोने ती वडी फेकली नाही. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "ही बघा आमची खिंड," असं म्हणून.

"बाबा, कसं वाटतं?" सुनेने विचारलं.

"छान आहे," तपासनीस म्हणाले. "फक्त मधलं ते टोक जरा घासून टाक. टोचेल कुणाला तरी."

"तेच तर सगळं आहे!"

"मग शेजारी आणखी दोन-तीन टोकं कर. एकटं बरं दिसत नाही."

सुनेने भिंग डोळ्याला लावलं, घासाकडे बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून सासऱ्यांकडे पाहिलं. तिचे ओठ एका बाजूला जरा हलले. "नको बाबा," ती म्हणाली. "आहे तेच राहू दे."

तपासनिसांना घास गोड लागेना. म्हणजे घासच बंद झाला. निळ्या डब्याकडे ते पाठ करून उभे राहायचे. उद्घाटनाला बायको पहिल्या रांगेत बसणार. बायको चष्मा लावणार. आणि भरल्या सभेत, सुनेच्या कौतुकाच्या दिवशी, देवासमोर नाव घेऊन मोडलेली शपथ काचेच्या पेटीत दिव्याखाली चमकणार. बायको रागावली तर परवडलं असतं. पण ती संध्याकाळी देवासमोर बसून नुसतं म्हणाली असती, "तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला मी," तर काय करायचं होतं?

त्यांनी नोकरीतल्यासारखा शांतपणे विचार केला. पुरावा म्हणजे काय? जुळणी. तिकिटावरचा नंबर आणि वहीतला नंबर. इथे एक नंबर चांदीत उमटलेला. तो काही बदलता येत नाही. दुसरा नंबर मात्र आपल्या तोंडात आहे.

ते दातांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण होता. त्याने आत दिवा मारला. "आजोबा, दात पक्के आहेत तुमचे. त्रास काय आहे?"

"फट बुजवायची."

"ही? ही तर जन्मापासूनची दिसते. आता एवढ्या वर्षांनी?"

"आता वेळ आलीये," तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज असा गंभीर होता की डॉक्टरने पुढे काही विचारलं नाही.

दोन्ही दातांच्या कडांना पांढरा लेप लागला, वर निळा दिवा धरला गेला, आणि खिंड बंद झाली. तपासनीस आरशासमोर हसले. आरशातून कुणी विमा विकणारा माणूस हसला.

घरी बायकोनेच दार उघडलं. तपासनिसांनी तोंडभर हसून दाखवलं. तिला बरं वाटेल अशी त्यांची खात्री होती; लग्न झाल्यापासून ती म्हणत आली होती, "बुजवा ती खिंड, एखाद्या दिवशी चिमणी शिरेल."

बायको बघत राहिली. दाराची कडी तिच्या हातातच होती.

"बरं दिसतंय," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. चपलांचा आवाजसुद्धा हळू आला.

संध्याकाळी भजनाला बसले. इतकी वर्षं या घरच्या भजनाला एक जादा वाद्य होतं. कडव्यात 'स' आला की तपासनिसांच्या खिंडीतून एक बारीक शीळ निघायची, सू करून, आणि बायको त्या शिळेवर ताल धरायची. आज 'स' आला आणि तसाच गेला. बायकोचा हात टाळी द्यायला उचलला होता, तो हवेतच राहिला. पुढच्या 'स'ला तिने कान देऊन ऐकलं. मग ती डोळे मिटून एकटीच गात राहिली, जरा खालच्या पट्टीत.

तपासनिसांना वाटलं, दमली असेल. सुटकेच्या आनंदात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड उतरलेलं दिसत नाही.

उद्घाटनाचा दिवस आला. पांढऱ्या भिंतींचं लांब दालन, काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर एक दिवा, आणि बसायला अशा खुर्च्या की ज्यांच्यावर माणसाने जागंच राहिलं पाहिजे. तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. आल्यापासून ते हसत होते. खांबाकडे बघून हसत होते, कागदी कपातल्या चहाकडे बघून हसत होते. दिसणारा प्रत्येक दात हा त्यांचा साक्षीदार होता.

पहिला उठला एक दाढीवाला. त्याने गंजलेल्या खिळ्यांचा हार केला होता. "माझी प्रेरणा म्हणजे रिकामेपण," तो म्हणाला. "मी जेव्हा काहीच करत नसतो, तेव्हा तो हार मला करत असतो."

"रिकामेपण होतं तर एवढे खिळे आले कुठून?" बायकोने विचारलं. विचारलं होतं नवऱ्याच्या कानात, पण दालन शांत असल्यामुळे ते दाढीवाल्यालाही कळलं. तो म्हणाला, "चांगला प्रश्न आहे," आणि पाण्याचा ग्लास शोधू लागला.

मग एक ठेंगणी बाई उठली. तिने अंगठी दाखवली. तिची आई शिवणकाम करायची. सुई टोचू नये म्हणून आई बोटाला जी लोखंडी टोपी घालायची, तिचीच ही अंगठी. "आईच्या बोटाला शेवटी खड्डा पडला होता," ती म्हणाली. "अंगठी घातली की तो खड्डा माझ्या बोटाला लागतो." एवढं बोलून ती बसली. बायकोने पदराने डोळे टिपले. "ही पोरगी खरी," ती म्हणाली.

मग सून उठली. तिने काचेच्या पेटीकडे हात केला. पातळ साखळीत अडकवलेलं लॉकेट आत लकाकत होतं.

"मला सुचलेलं नाही," ती म्हणाली. "मला सापडलं. माझ्या ट्रेमध्ये होतं, मला झाडाची साल वाटली. साचा झाला, चांदी ओतली, भिंगाखाली पाहिलं, तेव्हा कळलं की सालीला नक्षी नसते आणि सालीचा कुणी घास घेत नाही. हे बिस्कीट आहे."

दालन हसलं. दाढीवालासुद्धा हसला, त्याला जरा सोबत मिळाली.

"कुणीतरी एक घास खाऊन ते घाईने लपवलं. मी विचार करत बसले, एवढं मोठं माणूस एका बिस्किटासाठी एवढं का घाबरलं असेल? मग वाटलं, ज्याची भीती वाटते त्याच्यावर जीवही तेवढाच असणार. आपण परक्या माणसापासून कधी बिस्कीट लपवत नाही. मला याहून चांगला दागिना सुचला नसता. माणूस कोण, ते मी सांगणार नाही."

टाळ्या पडायला सुरुवात होणार, एवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. तपासनीस उभे होते.

"मी नाही!" ते म्हणाले.

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

"माझ्या दातांत फट नाही," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी ओठ वर करून सगळ्या दालनाला, डावीकडून उजवीकडे, दात दाखवले. उजवीकडे पोचता पोचता त्यांना आठवलं, की कुणी विचारायच्या आत जो सांगतो त्याच्याकडे तिकीट कधीही नसतं. त्यांचे ओठ हळूहळू खाली आले.

"बसा खाली," बायको म्हणाली.

ती उठली. फटक, फटक, फटक करत काचेच्या पेटीपाशी गेली, पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. वाकून बघितलं. इतका वेळ बघितलं की दालनाच्या संचालिकाबाई जवळ येऊन म्हणाल्या, "काकू, काचेला हात नका लावू हं."

"हे माझं आहे," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"माझं आहे. आमच्या घरातून गेलं होतं. कुठे गेलं ते आत्ता कळलं." आणि ती वळली. "अहो, इकडे या."

तपासनीस गेले.  "चुकलो," ते म्हणाले. "देवासमोर शपथ घेतली आणि रोज एक बिस्कीट खाल्लं. तू म्हणशील ते—"

"बिस्किटाचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. डबा कोण भरतं असं वाटत होतं तुम्हाला?"

तपासनिसांनी भीत भीत विचारलं, "देव?"

"देवाला दुसरे उद्योग आहेत! बेकरीवाल्याकडून मुद्दाम करून घेते मी, कोंड्याची, साखर न घातलेली. सुनेला विचारा."

सुनेने होकाराची मान हलवली. तपासनिसांना आठवली ती सगळी खरखर, आणि त्यांनी कंपन्यांना घातलेल्या सगळ्या शिव्या.

"म्हणजे मग माझी शपथ मोडली नाही?"

"मोडली तर! बिस्कीट ते बिस्कीट. ते तुम्ही आणि देव बघून घ्या, मी मधे पडत नाही. पण मला एक सांगा." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "खिंड कुणाला विचारून बुजवलीत?"

"अगं, तूच तर म्हणायचीस, बुजवा, बुजवा—"

"म्हणायचे! मी रोज देवालासुद्धा म्हणते, बाबा रे, उचल आता मला. उचललं का त्याने? त्याला कळतं, बोलणं कुठलं आणि मागणं कुठलं. तुम्हाला नाही कळत. एका बिस्किटासाठी माझी खिंड बुजवून आलात! भजनाला शेजारी बसता तर वाटतं कुणी पाहुणाच येऊन बसलाय. हसता तर ओळख पटत नाही. दोन रात्री त्या लग्नाच्या फोटोसमोर उभी राहिले मी."

तपासनिसांनी जिभेने दातांमधला लेप चाचपून पाहिला.  संचालिकाबाईंनी काचेवरचा हात काढा म्हणून सांगायचं सोडून दिलं.

"आता एवढीच उरलीय ती," बायको म्हणाली, आणि काचेवरूनच त्या चांदीच्या सुळक्यावर बोट ठेवलं. "सूनबाई, हे मला दे. मी घालणार."

"आई, तुमचा जीव घुसमटतो ना गळ्यात काही घातलं की?"

"ते इतर सगळं घातलं की."

लॉकेट प्रदर्शन संपेपर्यंत पेटीतच राहील, असं ठरलं. सुनेने त्याखाली कार्ड लावलं होतं, 'अर्धचंद्र'. बायकोने दाढीवाल्याकडून पेन मागून घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं, 'खिंड'. शेजारी आणखी एक शब्द लिहिला, 'आमची'. दाढीवाला पेन परत घेताना म्हणाला, "काकू, माझ्या हाराचंही नाव सुचवा ना." ती म्हणाली, "आधी तो जरा घासून पूस, मग बघू."

दुसऱ्या दिवशी तपासनीस पुन्हा दातांच्या डॉक्टरसमोर बसले होते.

"काय झालं आजोबा? लेप निघाला?"

"नाही. काढायचा आहे."

"म्हणजे फट पुन्हा उघडायची?"

"होती तेवढी. कमीही नको, जास्तही नको." शेजारच्या खुर्चीवर बायको बसली होती, ती म्हणाली, "मी बघतेय हां डॉक्टर. मला माप ठाऊक आहे."

डॉक्टरने लेप घासून काढला, तिने सांगितलं तिथे थांबला. तपासनिसांनी तोंड धुतलं आणि म्हणून पाहिलं, "सगळं सुरळीत." दवाखान्यात दोन शिळा वाजल्या. बायको तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, ती रस्ताभर हसतच होती.

प्रदर्शन संपलं आणि लॉकेट घरी आलं. कपाटातले दागिने कपाटातच राहिले. हे मात्र भांडी घासताना गळ्यात, बाजारात गळ्यात, झोपताना गळ्यात. त्या दिवशी संध्याकाळी प्रार्थना झाली, भजन झालं, प्रत्येक 'स'ला शीळ आली आणि प्रत्येक शिळेला टाळी. मग बायकोने निळा डबा आणून मधे ठेवला.

"घ्या एक. देवासमोर घ्या, चोरून नको."

तपासनिसांनी देवाकडे पाहिलं. देवाने काही हरकत घेतली नाही. त्यांनी कोंड्याचं बिस्कीट काढलं आणि एक घास घेतला. कट्!

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिने ते त्यांच्या हातातून घेतलं, गळ्यातलं लॉकेट पुढे ओढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी दिव्यापाशी धरली. चष्म्यातून एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. सुळक्याला सुळका लागला.

"बरोबर आहे तिकीट," ती म्हणाली आणि उरलेलं बिस्कीट त्यांच्या हातात परत दिलं. "बसा."